रात्री अडीचला फोन कोण उचलणार?

एप्रिल संपत आला की बेळगावात आमच्या टिळकवाडीत कुलपं वाढायला लागतात. कुणी मुलीच्या बाळंतपणाला पुण्याला, कुणी नातवाच्या मुंजीला बेंगळूरला, कुणी सहा महिन्यांसाठी थेट अमेरिकेला. घरं मोठाली, पुढे बाग, मागे दोन नारळ, मोरीकडच्या दाराला सासऱ्यांच्या वेळची कडी, आणि आत राहणारी माणसं दोन, तीही सत्तरीच्या पुढची. जाताना पेपर बंद करायचा, दूध बंद करायचं आणि तुळशीला पाणी घालण्यासाठी किल्ली शेजारी द्यायची, एवढा बंदोबस्त पूर्वी पुरायचा. आता किल्ली द्यायला जावं तर शेजारणीचीही बॅग भरलेली असते.

माझ्या थोरल्या जाऊबाई मुलाकडे पुण्याला कायमच्याच गेल्या. घर विकायचं नाही, भाड्यानेही द्यायचं नाही. पुतण्याचा फोन आला, "काकू, एक कंपनी आहे, घरात चोरांसाठी अलार्म बसवते आणि आपल्या केंद्रातून चोवीस तास लक्ष ठेवते म्हणते. महिन्याला पैसे भरायचे. घेऊ का?" मी म्हटलं, लक्ष ठेवते म्हणजे नेमकं कोण ठेवतं आणि काय करतं, ते आधी मला कळू दे. माझी भाची बेंगळूरच्या अशाच एका केंद्रात रात्रपाळीला काही काळ होती. ती सुट्टीला आली तेव्हा तिला समोर बसवून सगळं विचारून घेतलं.

घरात बसवतात ती सामग्री साधी असते. दाराच्या चौकटीवर एक पट्टी, फळीवर दुसरी. एकीत चुंबक आणि दुसरीत काचेच्या बारीक नळीतली दोन पाती. दार मिटलेलं असताना चुंबकामुळे पाती एकमेकींना चिकटून असतात, दार सरकलं की सुटतात आणि पॅनेलला, म्हणजे सगळे सेन्सर जोडलेल्या मुख्य पेटीला, कळतं. खोलीच्या कोपऱ्यात वर असतो तो पीआयआर, म्हणजे हालचाल ओळखणारा सेन्सर. तो स्वतः काही सोडत नाही, समोरून सरकणारी उष्णता तेवढी टिपतो. म्हणून भर उन्हाळ्यात खोलीच अंगाइतकी तापली की त्याला माणूस नीट दिसत नाही. बेळगावात तशी वेळ क्वचित येते, अथणी-रायबागकडे जास्त. उलट त्याच्या भिंगावरून पाल चालत गेली तर त्याला ती माणसाएवढी वाटते. आमच्याकडे पालींना तोटा नाही.

दार उघडल्यावर मालकाला कोड टाकायला अर्धा-एक मिनिट मिळतं. ते उलटलं की हूटर बोंबलतो आणि त्याच वेळी पॅनेल वाय-फायवरून किंवा आतल्या सिमवरून केंद्राला निरोप धाडतं. मला वाटायचं, तिकडे बसलेल्या मुलीला आपलं घर टीव्हीसारखं दिसत असेल. तसं नसतं. पुष्कळ पॅनेलं अजून टेलिफोनच्या काळातली आकड्यांची भाषा बोलतात. चार आकडी खातेक्रमांक आणि त्यामागे तीन आकडी खूण. १३० म्हणजे घरफोडी, ११० म्हणजे आग, ३०१ म्हणजे वीज गेली, ३०२ म्हणजे बॅटरी उतरली. १२१ ही मला सगळ्यात आवडलेली खूण. कुणी सुरा लावून अलार्म बंद करायला सांगितलं तर नेहमीचा कोड न टाकता वेगळा ठरवलेला कोड टाकायचा. चोराच्या डोळ्यांदेखत अलार्म बंद होतो आणि तिकडे पडद्यावर १२१ उमटतो.

"पण मावशी, रात्रभर आम्ही बघतो ते ३०१च," भाची म्हणाली. वळवाच्या संध्याकाळी उत्तर कर्नाटकातून ३०१ची रांग लागायची. आमची वीज कंपनी कागदोपत्री हेस्कॉम, पण आम्ही अजून केईबीच म्हणतो, तर केईबीने लाइट काढली की शेकड्यांनी घरं एकदम बोलायला लागायची. ती तशीच नोंदवून सोडून द्यायची. त्यांच्या गर्दीत एखादा १३० आला की हातातला चहा खाली ठेवायचा. पहिलं बघायचं ते हे की त्याच्या पाठोपाठ दुसरा सेन्सर बोलला का. आधी दार, मग व्हरांडा, मग झोपायची खोली असा क्रम दिसला तर आत कुणीतरी चालतंय. एकच सेन्सर पुन्हा पुन्हा बोलत असेल तर पडदा, मांजर किंवा वर सांगितलेली पाल. कॅमेरा जोडलेला असेल तर त्या क्षणाचा तुकडा बघायचा. मग मालकाला फोन करायचा, नाव सांगायचं आणि ठरलेला पासवर्ड विचारायचा. बरोबर आला तर "चुकून वाजला" असं लिहून खूण मिटवायची. चुकला तर आवाज न बदलता "बरं साहेब" म्हणून ठेवायचा आणि पुढच्या नंबरला लागायचं. मालक, मग दुसरा, मग तिसरा, आणि मग पोलीस.

"आणि मग?"

"मग काय, कुणी उचलतच नाही."

हे ऐकल्यावर मला सगळा व्यवहार कळला असं वाटलं. रात्री अडीच वाजता बेंगळूरचा अनोळखी नंबर. कर्जवाले, विमावाले, प्लॉटवाले यांनी गांजलेला माणूस आधीच फोन मुका करून झोपलेला. उचललाच तर पलीकडून कन्नड नाहीतर हिंदी, आणि दुसऱ्या नंबरवर लिहिलेली असते शेजारची म्हातारी आक्का, जिला झोपेतून उठल्यावर मराठीसुद्धा धड सुचत नाही. भाचीला मराठी येतं म्हणून बेळगाव-निपाणीकडची सगळी बोलणी तिच्याच गळ्यात पडायची. एकदा एका आक्कांनी तिला झापलं, "भोंगा वाजूलालाय ते आमाला बी ऐकू येतंय की! तू कोण सांगणारी?" आणि आक्का टॉर्च घेऊन बाहेर पडल्या. भाचीच्या मते त्या रात्री सगळ्यात चोख काम त्यांनीच केलं.

या धंद्याचं मूळ अमेरिकेतलं. बोस्टनजवळच्या ऑगस्टस पोप यांनी १८५३ मध्ये दाराखिडक्यांना तारा जोडून घंटा वाजवण्याचं पेटंट घेतलं. एडविन होम्स यांनी १८५७ मध्ये ते विकत घेतलं आणि पुढे घरोघरच्या तारा एका ठिकाणी आणून तिथे माणूस बसवला. १८७७ मध्ये बोस्टनमध्ये होम्सच्याच तारांवर दिवसा टेलिफोन चालायचा आणि रात्री चोरांचा पहारा. जगातल्या अगदी पहिल्या टेलिफोन एक्स्चेंजांपैकी एक या पहाऱ्याच्या पोटातून निघालं. दीडशे वर्षांत तार गेली आणि सिम आलं, पण शेवटी कुणीतरी कुणाला तरी फोन लावायचा, एवढं तसंच राहिलं आहे.

आपल्याकडे असा पहारा घरांपेक्षा एटीएमवर जास्त दिसतो. रखवालदार काढून बँकांनी तिथे कॅमेरा आणि स्पीकर बसवले. हेल्मेट घालून आत गेलं की वरून आवाज येतो, "कृपया हेल्मेट काढा." हा बोलणारा शेकडो कोस दूर असतो. तरी त्या आवाजात एक दरारा आहे. आत शिरलेल्या माणसाला दिसतंय एवढं कळलं तरी त्याचे हात थबकतात. शहापूरच्या सराफ गल्लीत किंवा गणपत गल्लीतल्या पेढ्यांत असा पहारा का परवडतो, हेही मग समजतं. माल मोठा, दुकान ठरलेल्या वेळी बंद होणारं. साडेनऊला अलार्म लावला गेला नाही तर केंद्रातून विचारणा येते, "शेठ, आज उशीर?" रविवारी पहाटे तीनला कुणी स्वतःच्या कोडने शटर उघडलं तरी विचारणा होते. बाहेरचा चोर पकडण्यापेक्षा घरच्याच नोकराला वचक बसवण्यासाठी ही सोय जास्त कामाची, असं एका सराफांनी मला हळू आवाजात सांगितलं. वडगावच्या एका ओळखीच्या दुकानदाराने मात्र शटरवरचा धक्का ओळखणारा सेन्सर काढून टाकला. शेजारचे पॉवरलूम सुरू झाले की तो थरथरून बोंब मारायचा.

खोट्या हाका हे या यंत्रणेचं जुनं दुखणं. अमेरिकेतल्या पोलिसांकडे येणाऱ्या अलार्मच्या हाकांपैकी नव्वद टक्क्यांहून कितीतरी जास्त खोट्या निघतात. शेवटी सॉल्ट लेक सिटीच्या पोलिसांनी डिसेंबर २००० पासून सांगून टाकलं की आधी कुणीतरी जाऊन खात्री करा, मग आम्ही येऊ. ब्रिटनमध्ये पोलीस अशा यंत्रणेला स्वतंत्र क्रमांक देतात, आणि एकाहून जास्त सेन्सरांनी दुजोरा दिल्याशिवाय सहसा गाडी निघत नाही. म्हणजे जिथे हा धंदा जन्मला आणि वाढला तिथेही पोलीस अलार्मच्या शब्दावर धावत नाहीत. आपल्याकडे तर केंद्र आणि पोलीस ठाणं यांच्यात अशी बांधलेली वाटच नाही. केंद्रातली मुलगी तुमच्याआमच्यासारखीच फोन लावते.

आणि इथे आमच्या सीमाभागाचा घोळ येतो. ११२ हा नंबर देशभर एकच असला तरी तो जिथून लावाल तिथल्या राज्याच्या नियंत्रण कक्षात वाजतो. पुतण्याने पुण्यातून ११२ लावला तर तो महाराष्ट्राच्या कक्षात जाणार. तिथल्या माणसाला टिळकवाडी म्हटल्यावर आधी पुण्यातली टिळकवाडी शोधावीशी वाटली तर त्याला दोष देता येत नाही. कंपनीचं केंद्र मुंबईत असेल तरी तेच. बेंगळूरचं असेल तर निदान राज्य तरी बरोबर. बाची-तुरमुरीकडे किंवा निपाणीच्या पुढे कागलच्या वाटेवर तर मोबाइल कधी पलीकडच्या टॉवरला चिकटेल याचा नेम नसतो. घर कर्नाटकात, रेंज महाराष्ट्राची, अशा वेळी ११२ पलीकडेही लागू शकतो. त्यामुळे इथल्या माणसाने कंपनीच्या यादीत आपल्या पोलीस ठाण्याचा थेट नंबर लिहून घ्यायचा, आणि तो चालू आहे का हे दिवसाउजेडी स्वतः लावून बघायचा. गावाला जाताना ठाण्यात घर बंद असल्याचं कळवून ठेवलं तर रात्रीच्या गस्तीवरचे पोलीस वाटेत नजर टाकतात. त्याला पैसे पडत नाहीत. तरी आमच्या लोकांना ठाण्याची पायरी चढायचा संकोच वाटतो, आणि तोही मी समजू शकते.

तळवार हे आडनाव आमच्या भागात पावलोपावली भेटतं. तळवार म्हणजे गावचा राखणदार. चोरी झाली की त्याने माग काढायचा. पावलं शेजारच्या गावच्या शिवेत शिरली की माग तिथल्या राखणदाराच्या हवाली करायचा, मग जबाबदारी त्या गावाची. माग आपल्याच हद्दीत हरवला तर गेलेल्या मालाची भरपाई राखणदाराच्या आणि गावाच्या डोक्यावर यायची, अशी रीत दख्खनमध्ये असल्याचं इंग्रजी अमदानीतल्या नोंदींत सापडतं. बदल्यात इनामाचा तुकडा आणि सुगीला धान्य. म्हैसूर राज्याने १९६१च्या कायद्याने हे वंशपरंपरेचे हुद्दे मोडले ते योग्यच झालं. अमक्याच्या पोटी जन्मला म्हणून त्याने आयुष्यभर रात्री जागायचं, ही काही अभिमानाने सांगायची गोष्ट नाही. पण त्या रीतीत जागणारा झालेल्या नुकसानीला बांधलेला होता. आताच्या कंपनीचा करार बारीक अक्षरातला असतो, त्यात हमखास एक कलम असतं. आम्ही विमा कंपनी नाही, चोरी झाल्यास आमची जबाबदारी अमुक रकमेपुरतीच. ती रक्कम बहुधा तुमच्या वर्षाच्या वर्गणीच्या आसपास घुटमळते. पुतण्याला मी ते कलम फोनवर दोनदा वाचायला लावलं.

भरपाई हवी असेल तर ती विम्याकडे मागायची. तिथेही डोळे उघडे हवेत. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्या देतात ती 'भारत गृह रक्षा' पॉलिसी मुख्यतः आग, पूर, भूकंप यांसाठी आहे. तिच्यात चोरी धरली जाते ती अशा आपत्तीनंतरच्या सात दिवसांतली. साध्या घरफोडीसाठी वेगळं कवच घ्यावं लागतं, त्यात दार फोडल्याची खूण दिसावी लागते, आणि घर सलग बरेच दिवस रिकामं राहणार असेल तर ते आधी कळवण्याची अट पुष्कळ पॉलिसींत असते. जाऊबाईंच्या घराला नेमकी तीच अट लागू होणार. दागिन्यांचा प्रश्न त्यामानाने सोपा. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे चोरी, दरोडा, आग किंवा कर्मचाऱ्याच्या लबाडीमुळे लॉकरमधलं काही गेलं तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत असते. पाटल्या-गोठ बंद घरातल्या कपाटात ठेवून वर महिन्याची वर्गणी भरणं हा मला निव्वळ वेडेपणा वाटतो.

मग हे घ्यावं की न घ्यावं? २०१२ मध्ये अमेरिकेतल्या तीन राज्यांच्या तुरुंगांतल्या ४२२ घरफोड्यांना संशोधकांनी विचारलं होतं. त्यातल्या सुमारे साठ टक्क्यांनी सांगितलं, अलार्म दिसला तर आम्ही दुसरं घर बघू. आता हे सगळे पकडले गेलेले, त्यामुळे त्यांची अक्कल कितपत प्रमाण मानायची हा प्रश्नच आहे. शिवाय अलार्म बघून चोर पळतो, केंद्रातली मुलगी जागी आहे म्हणून नव्हे. इंग्लंडमधल्या अभ्यासकांनी तिथल्या गुन्हे-सर्वेक्षणाचे आकडे पिंजून काढले तेव्हा भक्कम दार, खिडक्यांची कुलपं, आतला दिवा आणि बाहेरचा दिवा या चौकडीपुढे नुसता अलार्म फिका ठरला. आमच्या बाबतीत मी म्हणेन, आधी त्या मोरीच्या दाराची कडी बदला. चोर काही नक्षीच्या सागवानी दारातून येत नाही.

गजबजलेल्या गल्लीत, जिथे हूटर वाजल्यावर चार दारं उघडतात आणि कुणीतरी काठी घेऊन येतो, तिथे महिन्याचे पैसे भरणं मला पटत नाही. हूटर आणि फोनवर निरोप देणारं साधं पॅनेल तिथे पुरे. एकट्या म्हाताऱ्या माणसाच्या घरात मात्र हेच केंद्र वेगळं काम करतं. आजी पडली आणि गळ्यातलं बटण दाबलं तर शेजारणीपेक्षा तिकडची मुलगी लवकर ऐकते, आणि तेव्हा पोलिसांची वाट बघायची नसते. आणि जिथे आजूबाजूची घरंही कुलूपबंद, मालक दुसऱ्या राज्यात, तिथे निदान कुणीतरी जागं आहे याला किंमत आहे. भाचीने एक बारकावा सांगितला तो मला फार महत्त्वाचा वाटला. चांगलं पॅनेल ठरावीक वेळाने केंद्राला "मी आहे" असा निरोप देत असतं. तो आला नाही की केंद्राला कळतं, तार कापली, सिम बंद पडलं किंवा बॅटरी संपली. घरी बसवलेलं बिनवर्गणीचं पॅनेल मेलं तर आपल्याला पत्ता लागत नाही.

आणि ते मरतं ते बहुतेक आपल्याच हातून. गावाला जाताना मेन स्विच बंद करायची आपली शिस्त. त्याबरोबर यूपीएस बंद, राउटर बंद, पॅनेल बॅटरीवर, आणि एक-दोन दिवसांत तेही गप्प. पॅनेलमधल्या सिमचं रिचार्ज कुणाच्या लक्षात राहत नाही. जुन्या टू-जी पॅनेलात जिओचं सिम घातलं तर ते कधीच बोलत नाही, कारण जिओकडे टू-जी नाहीच. कॅमेऱ्याचा कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवला तर काय होतं ते २०१६ मध्ये जगाने पाहिलं. मिराई नावाच्या व्हायरसने अशाच लाखो कॅमेऱ्यांना आणि राउटरना कामाला जुंपून मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या होत्या.

पुतण्याने शेवटी एका वर्षासाठी वर्गणी भरली. समोरचे आणि डावीकडचे दोन्ही परगावी आहेत म्हणून मीही हो म्हटलं. फोनच्या यादीत पहिला नंबर त्याचा होता, तो खोडायला लावला. पुण्यात बसून तो काय करणार? पहिला नंबर मागच्या गल्लीतल्या मुलाचा लिहिला. तो उद्यमबागेतल्या फाउंड्रीत दुसऱ्या पाळीला असतो, बारानंतर घरी येतो आणि दोनपर्यंत जागाच असतो. दुसरा माझा, तिसरा ठाण्याचा, पुतण्या चौथा. त्याला जरा लागलं असावं. "माझंच घर, काकू," म्हणाला. म्हटलं, घर तुझंच, पण टॉर्च घेऊन जायला आम्हीच जाणार ना?

वर्ष संपताना नूतनीकरणाचा फोन येईल तेव्हा कंपनीकडे एक यादी मागायला त्याला सांगून ठेवलंय. वर्षभरात किती खुणा आल्या, त्यांवर किती वेळाने पहिला फोन लागला, आणि तो कुणी उचलला. भाची म्हणते, ही नोंद सेकंदासकट त्यांच्याकडे असतेच. मागणारं गिऱ्हाईक मात्र तिला तिथे असेपर्यंत भेटलं नव्हतं.